तोंड गाड्यांकडं

माझ्या सर्व्हेअरच्या परवान्यावर विमा नियामक प्राधिकरणाचा शिक्का आहे. मोडलेल्या गाडीचं नुकसान कसं मोजायचं, कोणता पत्रा ठोकून निघतो आणि कोणता बदलावाच लागतो, चासी वाकली आहे का हे कुठून कुठे दोरी धरून बघायचं, हे सगळं मी माझ्या वरिष्ठांकडून आणि गॅरेजमधल्या मिस्त्रींकडून शिकलो. पण अपघाताच्या जागी, चालत्या रस्त्यावर उभं कसं राहायचं, हे मला एका क्रेनवाल्याने शिकवलं. आमचं ना नातं होतं, ना गाव एक होतं. त्यांच्या बिलावर माझा शेरा लागायचा, एवढाच आमचा व्यवहार. तरी मी आजवर प्रत्येक स्पॉटवरून धडधाकट घरी आलो, माझ्या हाताखाली शिकलेली मुलंही येतात, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

सगळा बोरघाट त्यांना मामा म्हणायचा. मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी मुंबईच्या गोदीत माल चढवणाऱ्या टोळीत होते. वायर रोप, शॅकल, कप्पी हे सगळं त्यांच्या हातात तिथे बसलं. गोदीतले ‘हबेस’ (उचल) आणि ‘आरिया’ (खाली सोड) हे हुकूम ते घाटाच्या पायथ्याशी खोपोलीतही तसेच द्यायचे. एका शेठच्या क्रेनवर काही वर्षं काढून त्यांनी स्वतःची गाडी केली, जुन्या लष्करी ट्रकच्या चासीवर बांधलेली. पुढे कर्ज काढून एक हायड्रा क्रेन घेतली. हाताखाली दोन-तीन पोरं आणि एक भाचा.

बोरघाटात क्रेनवाल्याला काम कमी पडत नाही. उतार लांब आहे, वळणं अवघड आहेत, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून उतरणारे चालक अजूनही आहेत. इंजिनाची ओढ सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, तापलेला ड्रम पकड सोडतो, आणि खाली येईपर्यंत पायाखाली ब्रेक उरतच नाही. घाटात जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकाच रस्त्याने चालतात, त्यामुळे एक गाडी आडवी झाली की दोन्हीकडची वाहतूक तुंबते. अमृतांजन पुलाखालचं वळण तर आम्हा सर्व्हेअरना तोंडपाठ होतं. तो ब्रिटिशांच्या काळातला पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. त्याआधी त्याच्या खांबांच्या आसपास मी कितीतरी पंचनामे पाहिले.

मी नवीन असतानाची गोष्ट. ट्रकचा स्पॉट सर्व्हे करायचा होता. पावसाळा, खंडाळ्यावरून उतरलेलं धुकं, दुपारचे तीन-चार वाजले असले तरी दिवे लावून गाड्या चाललेल्या. ट्रक डाव्या कडेच्या दगडाला घासून थांबला होता. मी कॅमेरा काढून नंबर प्लेटचा फोटो घ्यायला मागच्या बाजूला निघालो, तोच कुणीतरी दंडाला धरून मला कठड्यापलीकडे नेलं.

“साहेब, हितं उभं ऱ्हाऊ नगा. तोंड गाड्यांकडं ठिवा. पाठ करायची न्हाई रस्त्याला, कवाच न्हाई.”

मग त्यांनी फोटो कसा घ्यायचा ते दाखवलं. आधी वरच्या बाजूला माणूस उभा करायचा, झेंडा आणि शिट्टी घेऊन. त्याने शिट्टी मारली की हातातलं काम टाकून कठड्याबाहेर उडी घ्यायची, कारण विचारत बसायचं नाही. फोटो घ्यायचा तो गाडीच्या डाव्या बाजूने तिरका. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीत पाऊल टाकायचं नाही, कारण मागची गाडी ठोकली गेली की ती फट मिटते. आणि उभ्या गाडीच्या मागच्या दिव्यांसमोर कधी थांबायचं नाही. “दिवा तुमच्या अंगानंच झाकला, तर मागच्याला दिसायचं काय?”

नंतर अभ्यास करताना मला त्यांच्या सांगण्यामागचे आकडे सापडले. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर अंतर कापते. आपले रस्ते आखणारे अभियंते चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सत्तर मीटर गेले. पूर्ण थांबायला या वेगाला १८० मीटर लागतात असं भारतीय रस्ते काँग्रेसचं गणित आहे, तेही रस्ता सपाट आणि टायर बरे असतील तर. ओल्या उतारावर, भरलेल्या ट्रकला किती लागतील याचा विचार ज्याने त्याने करावा. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण लोक डिकीपासून दहा पावलांवर ठेवतात आणि आपण काळजी घेतली असं समजतात. मामांचा पहिला कोन वळणाच्या वर असायचा, जिथून अपघात दिसतही नाही अशा जागी. “गाडी दिसल्यावर सांगून काय उपेग? दिसायच्या आदी सांगायला पायजे.”

त्यांच्या क्रेनच्या पाठीमागे एक लोखंडी पेटी होती. ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते, कारण कितीतरी वेळा मी तिच्यावर बसून रिपोर्ट लिहिले. रबरी कोन एकात एक घातलेले. पिवळ्या-केशरी कपड्याची रेडियमच्या पट्ट्यांची जॅकेटं, प्रत्येक पोराला एक आणि पाहुण्यांसाठी दोन जादा. मोठ्या बॅटऱ्या, चुंबकाने पत्र्याला चिकटणारा पिवळा फिरता दिवा, लाकडी ठोकळे, आग विझवायचा सिलिंडर, चामड्याचे हातमोजे, दोन फावडी, एक खराटा आणि गोणीभर कोरडी माती. हे सगळं त्यांनी मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवरून हळूहळू जमवलं होतं. त्या काळी घाटात बनियनवर काम करणारे क्रेनवाले होते, पायात स्लीपर आणि खुणेला रस्त्यावर झाडाची फांदी. मामांच्या पोरांना जॅकेट घातल्याशिवाय गाडीतून खाली उतरायची मुभा नव्हती. ती जॅकेटं ते स्वतः रात्री साध्या साबणाने धुवायचे. तेल-ग्रीस बसलं की रेडियम प्रकाश परत फेकत नाही, तो मळलेला कपडाच होऊन बसतो. कपड्याचा भडक रंग दिवसासाठी आणि पट्टी रात्रीसाठी, ही वाटणी त्यांनी मला समजावून सांगितली होती. धुक्यात मात्र दोन्हींवर विसंबायचं नाही, तिथे दिवा आणि माणूसच हवा.

टोचन करून गाडी न्यायची तर दोर लोकांना दिसला पाहिजे, याकडेही त्यांचं बारीक लक्ष. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता नियमांत दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको आणि दोर किंवा साखळी इतरांना स्पष्ट दिसेल अशी करावी, असं लिहिलेलं होतं. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत तशी पाटीही लावायला सांगितली होती. मामांनी ते पुस्तक पाहिलं नव्हतं. पण साखळीला ते लाल फडकी बांधायचे, आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पाटी नसेल तर ती लावल्याशिवाय हलायचे नाहीत.

एक काम इथे नीट सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला त्यातला धोका दिसत नाही. बंद पडलेला ट्रक लांब ओढायचा असेल तर आधी त्याचा जॉइंट उतरवतात, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या धुरीकडे जाणारा दांडा सोडवतात. नाहीतर इंजिन बंद असताना चाकांबरोबर गिअरबॉक्स मागून फिरत राहतो, आत तेल पोचत नाही आणि तो जळतो. हा जॉइंट सोडवायला कुणीतरी ट्रकखाली झोपावं लागतं. घाटात ट्रक गिअरमध्ये टाकून उभा केलेला असतो. जॉइंट सुटला की त्या गिअरचा काही उपयोग राहत नाही, आणि हवा गेलेल्या जुन्या ट्रकला ब्रेकही नसतो. शेवटचा बोल्ट निघतो त्या क्षणी पंधरा-वीस टनांचं धूड उताराला मोकळं होतं आणि माणूस त्याच्या खाली असतो. म्हणून मामा पाना हातात घ्यायच्या आधी उताराकडच्या चाकांना लाकडी ठोकळे मारायचे, क्रेनची साखळी ताणून घ्यायचे, मग स्वतः वाकून प्रत्येक ठोकळ्याला लाथ मारून बघायचे. पोराने खाली शिरायचं ते डाव्या बाजूने, पाय रस्त्याकडे येता कामा नयेत. दगड त्यांना चालत नसे. “दगूड फुटतुया,” एवढंच म्हणायचे.

मामांची खरी विद्या मी पाहिली ती एका कंटेनरच्या वेळी. चाळीस फुटी, भरलेला, वळणावर डाव्या कुशीवर पडलेला. रात्रीची वेळ. मागे वाहतुकीची रांग, हॉर्न, गाड्यांतून उतरून आलेले लोक, वाहतूक पोलिसांची घाई, गाडीमालकाचे फोनवर फोन. मामांनी पहिला पाऊण तास काहीही उचललं नाही. ते फक्त फिरले. बॅटरीची वायर काढायला लावली. गळणाऱ्या डिझेलवर माती टाकून घेतली. कंटेनर चासीला धरून ठेवणारी चारही कुलपं हाताने चाचपली. मग वायर रोप उलगडून जमिनीवर सरळ पसरला आणि एक जुनं सुती फडकं त्याच्याभोवती गुंडाळून ते रोपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. एके ठिकाणी फडकं अडकलं. मामांनी बॅटरी जवळ नेली. रोपाच्या पिळातली एक बारीक तार तुटून बाहेर आली होती, भाताच्या कुसळाएवढी, आणि तिच्या शेजारी आणखी दोन. उघड्या हाताने रोप चाचपणारा माणूस त्या तारेने तळहात फाडून घेतो. पण मामांना त्या तारांनी दुसरंच काही सांगितलं. त्यांनी तो रोप बाजूला टाकला आणि भाच्याला खोपोलीला दुसरा आणायला पाठवलं. सगळा घाट खोळंबलेला असताना.

माझ्या शेजारी उभा असलेला एक गृहस्थ तावातावाने बोलत होता. तीन तारांनी काय होणार आहे, एवढा जाड रोप आहे. त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण उत्तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं. रोप आणेपर्यंत मामांनी ते मला सांगितलं. ताणलेला वायर रोप तुटला तर तो खाली पडत नाही, दोन्ही टोकांनी मागे झेपावतो, आणि वाटेत जे येईल ते कापत जातो. गोदीत त्यांच्या टोळीतल्या एकाचा पाय तसा गेला होता. विंच ओढत असताना त्या रोपावर ते ओलं पोतं टाकून ठेवायचे, तुटलाच तर त्याची झेप मरावी म्हणून. आणि रोपाच्या रेषेत, किंवा रोप कप्पीतून वळतो त्या कोनाच्या आत, कुणीही उभं राहायचं नाही. ते स्वतःही नाही.

स्लिंग लावताना त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पाण्याची भरलेली बादली दोघांनी एका दोरीला अडकवून धरली आणि दोघं एकमेकांपासून लांब गेले, की बादली तेवढीच असून हात भरून येतात. स्लिंगचंही तेच. दोन पट्टे जमिनीशी साठ अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या अठ्ठावन्न टक्क्यांएवढा ताण येतो, आणि तेच तीस अंशांवर आले की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजनाएवढा. मामांना टक्केवारी ठाऊक नव्हती. पट्टा चपटा दिसला की ते लांबीला दुसरा पट्टा जोडायचे आणि हुक वर घ्यायला लावायचे.

दोन क्रेन लावल्या होत्या. एक उचलायला आणि दुसरी पलीकडून धरून ठेवायला, कारण आडवी गाडी उभी होताना एका क्षणी तिचा तोल उलटतो आणि मग ती स्वतःच्या वजनाने धाडकन चाकांवर आपटते, कधी आपटून पलीकडे लोळते. इशारा देणारा एकच माणूस, मामा. दोन्ही ऑपरेटरांनी बघायचं ते फक्त त्यांच्या हाताकडे, बाकी कुणी कितीही ओरडलं तरी. मात्र ‘थांब’ म्हणायचा हक्क सगळ्यांना होता, अगदी चहा घेऊन आलेल्या पोरालाही. तो कंटेनर चाकांवर उतरला तेव्हा फक्त स्प्रिंगांचा कुरकुर आवाज झाला.

त्याच रात्री, उलटून पडलेल्या गाडीचं सगळं आवरत असताना वरून एक पिकअप आली आणि मामांच्या रांगेतले पहिले चार-पाच कोन उडवत गेली. शिट्टी झाली होती. आम्ही सगळे कठड्यापलीकडे होतो. पिकअपचा चालक पुढे जाऊन थांबला. त्याला डुलकी लागली होती. मामांनी त्याला शिवी दिली नाही. पाणी दिलं आणि पोटात काही गेलंय का ते विचारलं.

मामांचं माझ्यावरचं ऋण एवढ्यावर संपत नाही, कारण मामांच्या या सगळ्या तयारीला पैसे लागायचे आणि ते पैसे कापायचं काम माझ्यासारख्यांकडे होतं. ट्रकसारख्या व्यापारी वाहनांच्या विमा पॉलिसीत अपघाताच्या जागेवरून गाडी हलवायच्या खर्चाची मूळ मर्यादा आहे २,५०० रुपये. ही २००२ च्या मोटार टॅरिफमधली रक्कम. जादा हप्ता भरून ती वाढवून घेता येते, पण घाटात जाणाऱ्या किती ट्रकमालकांना हे ठाऊक असतं? कंटेनर उभा करायला दोन क्रेन, सहा-सात माणसं आणि अर्धी रात्र लागते. त्या खर्चापुढे ही मर्यादा काहीच नाही. मग रस्त्यावरच घासाघीस सुरू होते. मालक म्हणतो, दुसरा क्रेनवाला निम्म्यात करतो. आणि तो करतो, कारण त्याच्याकडे कोन नाहीत, वर उभा केलेला माणूस नाही, आणि रोप तुटेपर्यंत वापरायचा असतो. सुरक्षेचा खर्च बिलात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो आणि सगळ्यात आधी कापला जातो. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याने मामांच्या बिलातल्या ‘इशाऱ्याचा माणूस’ या ओळीवर लाल रेघ ओढलेली मी पाहिली. समोरच्या कोऱ्या जागेत लिहिलं होतं, ‘आवश्यकता नाही’. ती गोष्ट मला आजही सलते.

खोपोलीहून जुन्या घाटाने वर जाताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट सापडल्यावर त्यांनीच त्याला मारलं, अशी कथा सांगतात. चालक गाडी हळू करून तिथे नाणं टाकतात. वाट दाखवणाऱ्याचं देणं मानायची रीत या घाटात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. वाट मोकळी करणाऱ्यांचं देणं मात्र आपण मानत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात १९१६ साली अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने ओढ्यात पडलेली गाडी काढताना झालेल्या हालांवरून पहिली टो क्रेन बनवली. त्याच गावात या धंद्याचं संग्रहालय आहे आणि बाहेर काम करताना रस्त्यावर मेलेल्या क्रेनवाल्यांच्या नावांची भिंत. तिथल्या पन्नासही राज्यांत कडेला दिवे लावून उभ्या असलेल्या अशा गाडीजवळून जाताना लेन सोडायची किंवा वेग कमी करायचा, असा कायदा आहे. कायदा आहे म्हणून तिथे माणसं मरायची थांबलेली नाहीत. पण निदान ते मरतात याची नोंद आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजारांचा दंड होऊ शकतो. क्रेनचा पिवळा दिवा दिसल्यावर मात्र आपण काच खाली करून मोबाईल बाहेर काढतो.

मामा जागा सोडायच्या आधी रस्ता झाडून घ्यायचे. काचा, पत्र्याचे तुकडे, तेलावर टाकलेली माती, सगळं. आणि दगड. आधी कुणी खुणेसाठी मांडलेले दगड गाडी निघून गेल्यावर तसेच राहतात आणि रात्री एखाद्या दुचाकीवाल्याचा जीव घेतात. शेवटचा दगड कठड्याबाहेर गेला की नाही ते मामा स्वतः बॅटरी मारून बघायचे, मग कोन उचलायचे, तेही खालून वर जात, गाड्यांकडे तोंड करून.

आता ते गावी असतात. गुडघे गेले आहेत. धंदा भाच्याकडे आहे. त्याच्याकडे आज सपाट पाठीची गाडी आहे, विंच लांबून चालवायचा बिनतारी रिमोट आहे, पोलादी रोपाऐवजी काही कामांना सिंथेटिक रोप आहे. मामांचा एक नियम त्याने तसाच ठेवलाय: निकामी झालेला पट्टा फेकायचा नाही, त्याचे तुकडे करायचे, म्हणजे दुसरा कुणी गरजेपोटी तो उचलून वापरणार नाही. मागच्या पावसाळ्यात मी मामांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझी विचारपूस करायच्या आधी भाच्याच्या विंचची तपासणी कोण करतं ते विचारलं.

भाच्याच्या बिलात ‘इशाऱ्याचा माणूस, कोन, दिवे’ अशी वेगळी ओळ असते. मर्यादेच्या वर मी जाऊ शकत नाही, पण ती ओळ मी कापत नाही. वरून विचारणा आली की कारण लिहून पाठवतो: जागा वळणाची, उतार, दृश्यमानता कमी, थांबण्याचं अंतर १८० मीटरपेक्षा जास्त, माणूस नसता तर दुसरा अपघात होण्याची शक्यता आणि त्याचा दावा याहून मोठा. कधी मंजूर होतं, कधी होत नाही. नाही झालं की मी गाडीमालकाला फोन करून तेच परत सांगतो, आणि पुढच्या वर्षी पॉलिसी घेताना टोइंगची मर्यादा किती वाढवून घ्यायची तेही सांगतो.